घाटाचे भाडे : ठाकुरवाडीच्या उतारावरून दिसणारी दोनशे वर्षांची दरतुलना

१/
कर्जत सोडून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरीनंतर बोरघाट चढू लागते. जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे खिडकीबाहेर एकामागून एक येतात. ठाकुरवाडीला रेल्वेची केबिन आहे. ठाकर समाजाच्या वस्तीवरून पडलेले हे नाव कर्जत-खालापूर भागातील आणखी काही वाड्यांनाही आहे. पुण्याला जाणारा प्रवासी येथे उतरत नाही, येथून तो फक्त पुढे जातो.

२/
याच डोंगराखाली खालापूरचा टोलनाका आहे. तेथून जाणारी कित्येक कुटुंबे आदल्या रात्री फोनवर भाड्याच्या गाड्यांचे दर ताडून पाहतात. कोणाचे दिवसाचे भाडे कमी, कोणाची किलोमीटरची मर्यादा जास्त, कोणत्या कंपनीच्या सभासदाला सूट, कोणाचे पॉइंट जमतात. ही सवय आजची वाटते, पण हे प्रश्न या घाटात फार जुने आहेत. सवलत मिळते तेव्हा तिचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

३/
कोकणचे बंदर आणि देशावरची पेठ यांच्यामध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे वाहतुकीचा पैसा नेहमीच घाटात जमा झाला. सातवाहनकालीन नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरेने मानले जाते. बोरघाटावर राजमाचीचा पहारा होता. घाटाच्या पायथ्याला खोपोली येथे नाना फडणीसांनी तलाव व महादेवाचे मंदिर बांधले. चढ सुरू होण्यापूर्वी माणसाला आणि जनावराला पाणी व विसावा मिळणे ही या वाटेची पहिली गरज होती.

४/
त्या काळी माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. माणसे पायी, तट्टावर, डोलीत किंवा पालखी-मेण्यात जात. भाडे ठरे ते बोलीने. ऋतू कोणता, चढ आहे की उतार, ओझे किती, गिऱ्हाईक किती घाईत आहे आणि किती श्रीमंत दिसते, यावर आकडा बदले. दोन भोयांच्या टोळ्यांचे दर शेजारी मांडून पाहण्याची सोय नव्हती. तुलना करायची तर दर जाहीर हवा आणि मोजण्याचे माप समान हवे. दोन्हींचा अभाव होता.

५/
लांबच्या प्रवासासाठी पुढे पालखीची डाक रूढ झाली. टप्प्याटप्प्यावर ताजे भोई आधीच उभे करून ठेवायचे, याला ‘डाक बसवणे’ म्हणत. त्यासाठी प्रवासाची तारीख व वेळ आधी कळवावी लागे आणि पैसे आगाऊ भरावे लागत. शिवाय प्रवासी उशिरा पोहोचला व भोयांचा खोळंबा झाला, तर त्याची भरपाई म्हणून अनामतही ठेवावी लागे. आज स्वयंचलित भाड्याची गाडी घेताना कार्डावर अडकवून ठेवलेली रक्कम ही त्या अनामतीची वंशज आहे.

६/
भाड्यात आणखी एक न दिसणारा भाग असे : रिकामी परत. खोपोलीहून खंडाळ्यास माणूस वाहून नेणाऱ्यांना उतारावर दुसरे गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. मग परतीचे श्रमही जाताना देणाऱ्याच्याच दरात मिसळले जात. मुंबईहून पुण्याला एकेरी गाडी केली तर चालक परतीचे भाडे मागतो, तेव्हा आजचा प्रवासी कुरकुर करतो. हा हिशेब चाके येण्याच्याही आधीचा आहे.

७/
१० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. तोवर तोफखाना व लष्करासाठी वाट सुधारण्याचे प्रयत्न झाले होते, पण आता सर्वसामान्य बैलगाडीलाही घाट चढता येऊ लागला. मुंबईहून होडीने पनवेल, तेथून गाडीने खोपोली, घाट चढून खंडाळा आणि मग पुणे, असा क्रम बसला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलापेक्षा गाडीला जुंपलेली जोडी कितीतरी अधिक माल ओढते. त्यामुळे तेवढ्याच चाऱ्यात जास्त माल घाटावर पोहोचू लागला.

८/
रस्त्याबरोबर टोलही आला. स्वस्त वाहन आणि रस्त्याचे शुल्क ही जोडी तेव्हापासून या घाटात कायम आहे. खालापूरचा नाका हे तिचे ताजे रूप. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. भाड्याच्या गाडीचा दर सांगताना टोल त्यात धरला आहे की नाही, हे आजही स्वतंत्रपणे विचारावे लागते.

९/
घाटातील भाड्याच्या इतिहासाचे सर्वांत रोचक पर्व १८५८ ते १८६३ चे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा पळसदरीहून खोपोलीपर्यंत १८५६ मध्येच आला होता. १४ जून १८५८ रोजी वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. खाली रूळ, वर रूळ, मध्ये डोंगर. मधला चढ प्रवाशाला पालखी, डोली, तट्टू किंवा बैलगाडी करूनच पार करावा लागे.

१०/
या पाच वर्षांत एकाच प्रवासात दोन प्रकारचे दर शेजारी आले. रेल्वेचा दर छापील होता. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग, प्रत्येकाचे भाडे ठरलेले आणि खिडकीवर घासाघीस नाही. घाटातला दर मात्र बोलीचा. सकाळी छापील तिकीट काढणाऱ्याला दुपारी भोयांशी वाद घालणे आता खटकू लागले असेल, तर त्यात नवल नाही. छापील दराची सवय लागली की बोलीचा दर लुटीसारखा वाटू लागतो.

११/
पण छापील तिकिटामागचा घाट कोण खोदत होते? जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली १८५६ पासून काम चालू होते. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून कामगारांचा उद्रेक झाला व युरोपीय मुकादमांवर हल्ले झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी भारतात आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. कंत्राट त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने पुढे चालवले.

१२/
जानेवारी १८६१ मध्ये या घाटावर ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. पटकी, ताप आणि सुरुंगांनी हजारो बळी घेतले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले : सुमारे २५ किलोमीटर लांबी, २५ बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. घाटातील पालखीचा धंदा बसला. प्रवाशाला सलग तिकीट मिळाले, आणि त्या तिकिटावर खोदणाऱ्यांचा हिशेब कोठेही छापलेला नव्हता.

१३/
त्याच १८६३ साली मुंबई सरकारने भाड्याच्या सार्वजनिक वाहनांच्या नियमनाचा कायदा केला. वाहनाला परवाना, क्रमांक आणि ठरीव दर ही व्यवस्था शहरात रुजू लागली. परगावच्या माणसाला आता गाडीवाल्याशी बोलताना हाताशी आधार आला. दराचा फलक हे ग्राहकाचे संरक्षण असते, ही कल्पना येथून सर्वमान्य झाली.

१४/
फलकाची दुसरी बाजू मात्र कलकत्त्याने आधीच पाहिली होती. १८२७ मध्ये तेथील सरकारने पालखीवाहकांची नोंदणी, अंगावर बिल्ला आणि ठरीव दर सक्तीचे केले. मुख्यतः ओडिया असलेल्या वाहकांनी पालख्या खाली ठेवल्या आणि शहराचा व्यवहार अडला. हा भारतातील नोंदलेल्या सर्वांत जुन्या संपांपैकी एक होय. प्रवाशाच्या दृष्टीने जे भाडे, तीच वाहकाची मजुरी. एक आकडा गोठवला की दुसराही गोठतो.

१५/
बोरघाटात पालखी संपली, तरी कर्जत तालुक्यात ती आणखी बराच काळ टिकली ती नेरळला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये माथेरानला चढले आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. मुंबईकर आगगाडीने नेरळला उतरत आणि पुढे पालखी, खुर्ची किंवा तट्टू करून डोंगर चढत. रेल्वेने मुंबई जवळ आणली होती, शेवटचे काही मैल मात्र माणसांच्या खांद्यावरच राहिले.

१६/
येथे ‘नेहमीच्या गिऱ्हाईकाची सवलत’ तिच्या मूळ रूपात दिसते. दरवर्षी डोंगरावर येणाऱ्या कुटुंबाचा ठरलेला तट्टूवाला असे. तो चांगले जनावर राखून ठेवी, उधार थांबे, पावसात आधी येई. बदल्यात त्याला हंगामाची खात्री आणि बक्षिसी मिळे. कागद नाही, कार्ड नाही, पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंची. ही निष्ठा माणसाशी माणसाची होती. त्यामुळे ती मोडली तर दोघांचेही नुकसान होई.

१७/
याच्या अगदी उलट टोकाला वेठ होती. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे हे खालच्या मानल्या गेलेल्या जातींवर, विशेषतः महारांवर, लादलेले काम होते. आदिवासी वाड्यांवर सावकार व जमीनदार यांची वेठ असे. अंमलदारासाठी हा फुकट प्रवास होता, त्याच्या पदाबरोबर आपोआप येणारी सवलत. तिची किंमत ओझे उचलणाऱ्याच्या बुडालेल्या दिवसात मोजली जाई.

१८/
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच ‘सवलती’च्या मुळावर घाव घालण्यासाठी. अपुऱ्या वतनाच्या मोबदल्यात अमर्याद चाकरी हा व्यवहार त्यांना मोडायचा होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारी निषिद्ध ठरवली. दर ठरवण्याच्या इतिहासातील हा मूलभूत टप्पा आहे, कारण ज्याला नकार देता येत नाही त्याच्या श्रमाला खरा दरच नसतो.

१९/
दरम्यान नेरळच्या डोंगरावर रूळ चढले. सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये दोन फुटी मार्गाचे काम सुरू केले. सुमारे १६ लाख रुपये खर्चून १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. खांद्यावरून होणाऱ्या प्रवासाला आता तिकिटाची स्पर्धा मिळाली. परंतु गावात पोहोचल्यावर घोडा आणि हातरिक्षा हीच वाहने उरली, कारण माथेरानमध्ये मोटार येऊ दिली गेली नाही.

२०/
मोटार भाड्याने देण्याचा आधुनिक धंदा अमेरिकेत आकारला. १९१६ च्या सुमारास ओमाहा येथे जो सॉन्डर्स याने आपली फोर्ड मॉडेल टी भाड्याने दिली व चाकाला मापक बसवून मैलाला १० सेंट असा दर लावला. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्झ याने डझनभर गाड्यांनी धंदा मांडला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झ याने विकत घेतला. मापक आले आणि बोली संपली. भोयांच्या काळी जे समान माप नव्हते, ते आता चाकावर बसले.

२१/
भारतात मात्र भाड्याची गाडी म्हणजे बराच काळ चालकासह गाडी. स्वतः चालवण्यासाठी गाडी देण्याच्या व्यवसायाला मोटार वाहन कायदा, १९८८ खालील १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेने चौकट दिली. परवान्यासाठी किमान ५० गाड्या हव्यात, अशी तिची अट होती. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे ही अशा गाडीची ओळख. लहान गाडीमालकाला हे दार उघडणे अवघड होते, म्हणून हा धंदा मुख्यतः मोठ्या कंपन्यांकडे गेला.

२२/
मोठ्या कंपनीला प्रत्येक गिऱ्हाईकाचा चेहरा ओळखता येत नाही, म्हणून तिने निष्ठा अंकांत मोजली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल जमा करण्याची योजना काढली. विमान कंपन्या, हॉटेले व मोटारभाडे कंपन्या यांनी तिचे अनुकरण केले. या योजनांचे खरे लक्ष्य वारंवार फिरणारा नोकरदार होता. त्याचे भाडे कार्यालय भरे, पॉइंट मात्र त्याच्या नावावर जमत. निवड करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, म्हणून महाग दरही त्याला बोचत नसे.

२३/
वर्षातून दोनदा स्वखर्चाने फिरणाऱ्या कुटुंबाची स्थिती वेगळी आहे. एक हिशेब मांडून पाहता येईल. समजा, एका कंपनीचे भाडे दिवसाला २,४०० रुपये, रोज २५० किलोमीटरची मर्यादा, पुढे किलोमीटरला १२ रुपये. दुसरीचे ३,००० रुपये, मर्यादा नाही. दोन दिवसांत ६२० किलोमीटर झाले, तर पहिलीचे ४,८०० अधिक १,४४० मिळून ६,२४० रुपये होतात. दुसरीचे ६,०००. पहिलीने २ टक्के पॉइंट दिले तरी ते सुमारे १२५ रुपयांचे. म्हणजे २४० रुपयांचा फरक भरून निघत नाही.

२४/
तेच कुटुंब दोन दिवस माथेरानला राहणार असेल तर हिशेब पुन्हा उलटतो. मोटार दस्तुरी नाक्यावर उभी राहते, भाडे मात्र चालू राहते. पालखीच्या डाकेत याला खोळंबा म्हणत, आणि त्यासाठीच अनामत घेत. अशा वेळी नेरळपर्यंत आगगाडी आणि तेथून दस्तुरीपर्यंत प्रवासी वाटून घेणारी टॅक्सी अधिक स्वस्त पडू शकते. दर ताडून पाहायचा तो पाटीवरचा नव्हे, घरी परत येईपर्यंतचा : टोल, इंधन, चालकाचा रात्रभत्ता, रिकामी परत आणि उभ्या गाडीचे दिवस धरून.

२५/
आता पॉइंटांची किंमत कोण देतो हे पाहिले पाहिजे. सवलतीचा खर्च कंपनी आपल्या एकूण दरात मिसळते. क्वचित प्रवास करणारा तो भरतो आणि त्याचे थोडेसे पॉइंट बहुधा मुदत संपून वाया जातात. ॲपवरून चालकासह गाडी मागवताना सूट चालकाच्या मिळकतीतून कापली जाते की कंपनीच्या वाट्यातून, हे प्रवाशाला दिसत नाही. वेठीशी याची बरोबरी होणार नाही, कारण चालक नकार देऊ शकतो. पण भाडे आणि मजुरी हा एकच आकडा असल्याचे १८२७ चे सत्य येथेही लागू आहे.

२६/
हा इतिहास संपलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये माथेरानमध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठामार्फत माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवली. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश दिला. ओढणाऱ्यांचा रोजगार बुडू नये म्हणून गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर योजना करण्यास सांगितले. तेथे ई-रिक्षा विकत घेऊन स्थानिक महिलांना भाड्याने चालवायला दिल्या जातात.

२७/
येथे भाड्याचा अर्थ प्रथमच बदलतो. दोनशे वर्षे प्रवासी वाहन भाड्याने घेत होता आणि वाहणारा आपला खांदा देत होता. आता वाहणाराच वाहन भाड्याने घेणार आहे. त्याला रोज किती भाडे भरावे लागेल, बॅटरी बिघडली तर दुरुस्ती कोणाची, मंद हंगामात सूट मिळेल की नाही, हे प्रश्न आता त्याचे आहेत. सवलतीची खरी कसोटी या दरपत्रकात लागेल.

२८/
ठाकुरवाडीच्या उतारावर आजही गाड्या वेग आवरून चालतात. खिडकीतून खालचा रस्ता, त्यावरच्या मोटारी आणि दूरवर माथेरानचा डोंगर दिसतो. पालखी, छकडा, आगगाडी, मोटार आणि ई-रिक्षा या साऱ्यांचे दर एका फलकावर लिहिले, तर त्याला दोन रकाने लागतील : प्रवाशाने दिले किती, आणि वाहणाऱ्याला मिळाले किती. पुढच्या सहलीला दर ताडून पाहताना दुसरा रकानाही मनात भरून पाहावा.